पोथीतील गाव : रिद्धपूर

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव प्रथमदर्शनी वऱ्हाडातील इतर कोणत्याही गावासारखेच दिसते. काळी माती, कपाशी-तुरीची शेते, ओलिताची सोय असेल तेथे संत्र्याच्या बागा. किल्ला, राजवाडा किंवा कोरीव लेणी पाहण्याच्या अपेक्षेने येणारा प्रवासी येथून निराश होऊन परतण्याचा संभव आहे. परंतु सातशेहून अधिक वर्षांपूर्वी या गावातील माणसे कोठे बसत-उठत, कशावरून रुसत-भांडत आणि कोणाच्या पाण्याचे हाल होत, हे त्याच काळच्या मराठीत लिहून ठेवलेले आहे. असे भाग्य मोठमोठ्या राजधान्यांच्याही वाट्याला क्वचितच आले आहे.

या नोंदीच्या केंद्रस्थानी गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ आहेत. जवळच्याच काटसुरे गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आईबाप गेले आणि नातेवाइकांनी त्यांना रिद्धपुरास आणून वाढविले. पुढे त्यांचे वागणे जगरहाटीला सोडून होते. मनाला येईल तेथे जावे, मुलांप्रमाणे खेळावे, कोणाच्याही घरी शिरून खावे, जातीपातीचा विचार करू नये. काही जण त्यांना वेडे म्हणत, तर काही जण देव मानीत. एकाच गावात दोन्ही मते नांदत होती आणि चरित्रकारांनी दोन्हीही नोंदविली आहेत. महानुभाव पंथ त्यांना पंचकृष्णांपैकी एक अवतार मानतो. गुजरातेतून रामटेकच्या यात्रेला निघालेल्या श्रीचक्रधरांची आणि त्यांची भेट याच गावी झाली.

चक्रधरस्वामींच्या नंतर नागदेवाचार्य आणि इतर शिष्यमंडळी गोविंदप्रभूंच्या सेवेसाठी रिद्धपुरास येऊन राहिली. येथेच म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करण्याचे काम हाती घेतले. ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडून तो ऐकावा, नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यावा आणि मग लिहावा, अशी त्यांची रीत होती. शके 1200 च्या सुमारास, म्हणजे इ.स. 1278 च्या आसपास, सिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानला जातो. गोविंदप्रभूंचे स्वतंत्र चरित्रही त्यांच्या पश्चात लिहिले गेले. त्यांच्या विवाहाच्या खेळाच्या निमित्ताने महदाइसेने ‘धवळे’ रचिले, तेही याच गावी. आद्य मराठी कवयित्रीचा मान तिला दिला जातो.

गोविंदप्रभूंच्या चरित्रात पाण्याविषयी एक लहानसा प्रसंग आहे. गावच्या मातंग मंडळींनी पाण्यावाचून आपले हाल होतात अशी विनवणी केली. प्रभूंनी जागा दाखविली, लोकांनी तेथे खणले आणि विहिरीला पाणी लागले. भाविक यात लीळा पाहतात, आणि ते योग्यच आहे. गावगाड्याच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक गोष्ट दिसेल. गाव वसलेले होते, म्हणजे गावाला पाणी होते. ज्यांना वेगळी विहीर मागावी लागली, त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नव्हते. याच जिल्ह्यात डॉ. पंजाबराव देशमुख जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर, 1928 नंतरच्या काळात, सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे पाऊल त्यांना उचलावे लागले. तेराव्या शतकातील विनवणी आणि विसाव्या शतकातील तो निर्णय यांच्यामध्ये साडेसहाशे वर्षे गेली होती. गोविंदप्रभूंच्या निधनानंतर गाव आईबाप गेल्याप्रमाणे शोकाकुल झाले, असे चरित्र सांगते. त्या शोकाचे कारण अशा प्रसंगांत शोधावे लागते.

भाषेच्या बाबतीतही या मंडळींनी जाणूनबुजून निवड केली होती. अनुयायांत संस्कृत पंडितांची वाण नव्हती. परंतु संस्कृतात लिहिले तर आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित राहतील, अशी नागदेवाचार्यांची भूमिका होती. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम 1964 सालचा आहे, पण त्यामागील तत्त्व रिद्धपुरात बरेच आधी मान्य झाले होते. शासकीय परिपत्रकांचे मसुदे करणाऱ्यांनी त्या म्हाताऱ्यांची अधूनमधून आठवण ठेवण्यास हरकत नाही.

लोकांसाठी लिहिलेले हे वाङ्मय पुढे लोकांपासून दुरावले, हा इतिहासाचा मोठा विपर्यास होय. खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि स्मरणातून पुन्हा पाठ तयार करावे लागले, अशी पंथाची परंपरा आहे. नंतर पोथ्या सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत गेल्या आणि कित्येक शतके मठांतच राहिल्या. विसाव्या शतकात महंतांनी त्या दाखविल्या, लिपींचा उलगडा झाला आणि विद्वान कामाला लागले. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलचे डॉ. वि. भि. कोलते यांची नावे यात अग्रभागी घ्यावी लागतात. कोलते यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ 1978 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले.

महानुभावांच्या ‘स्थानपोथी’ची रचना अधिकारी आणि पंचायत सदस्यांना विशेष उद्बोधक वाटेल. स्वामी कोठे बसले, कोठे जेवले, देऊळ कोणत्या दिशेला आणि त्याचे दार कोणीकडे, हे सर्व तीत गावागणिक नोंदलेले आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये घरांची आकारणी असते, तर येथे आठवणींची नोंद आहे. या नोंदीच्या आधाराने जागोजागी ओटे बांधलेले असतात आणि भाविक तेथे नमस्कार करतात. रिद्धपुरात राजमठ आहे, ‘लीळाचरित्रा’च्या लेखनाशी जोडले गेलेले वाजेश्वरीचे स्थान आहे. संन्यासी आणि संन्यासिनी दूरदूरच्या प्रांतांतून येथे येतात. पंजाबातही पंथाचे अनुयायी असल्याने तिकडील भाविक रिद्धपुराला आपलेच तीर्थ समजतात.

राज्य शासनाने मराठी भाषा विद्यापीठासाठी याच गावाची निवड केली. 2024 मध्ये त्याच्या पहिल्या कुलगुरूंची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी 3 ऑक्टोबर रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. विद्यापीठ आले की रस्ते येतील, वसतिगृहे येतील, जमिनीचे भाव चढतील. हे सर्व स्वागतार्हच आहे. मात्र रुंदीकरणाच्या आखणीत एखादा जुना ओटा किंवा विहीर आली, तर नकाशा करणाऱ्याला तिचे नाव ठाऊक असेल काय? जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना सोबत घेऊन, वृद्धांना आणि मठातील जाणकारांना विचारून, प्रत्येक स्थानाची, बोळाची आणि विहिरीची यादी तयार करावी; तीत कोणत्या विहिरीवर पूर्वी कोण पाणी भरीत असे, तेही लिहावे. ग्रामसभेपुढे वाचून, पाहणाऱ्यांकडून पडताळून, ती ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावता येईल. म्हाइंभटांची पद्धत याहून फारशी वेगळी नव्हती.