ठराव आणि भोंगा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय दिला आहे, 'संकल्प आणि आरोग्याच्या सवयी'. या व्यासपीठावरून डॉक्टर बोलतात, प्राध्यापक बोलतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते रात्रपाळी सुटल्यावर नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आरोग्यशास्त्र ऐकण्याची अपेक्षा आपण आमच्याकडून ठेवू नये. पण ठराव पास होणे आणि ठराव अमलात येणे यांत किती अंतर असते, हे मात्र कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो, याचाही राग मानू नये. चळवळीत 'मी' म्हणायची सवय सुटली, आणि बोलायचे आहे ते सवयीवरच.

इचलकरंजीत आम्ही यंत्रमागावर लागलो तेव्हा बारा तासांची पाळी होती. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मजुरी कापडाच्या मीटरवर. रात्री तीनच्या सुमारास डोळे मिटू लागतात, आणि माग तर बंद पडू द्यायचा नसतो. अशा वेळी शेजारचा जोडीदार तळहातावर तंबाखू मळून हात पुढे करतो. मागांच्या खडखडाटात बोललेले ऐकू येत नाही. ती चिमूट हेच आमचे बोलणे होते. झोप उडवायची तीच, हातांना दोन मिनिटे विसावा द्यायची तीच, आणि 'मी आहे रे' असे सांगायची तीही तीच. व्यसन, व्यसन म्हणून लोक नावे ठेवतात; पण ते माणसाची इतकी कामे एकदम करते, हे कुणी पाहत नाही.

दर पाडव्याला आम्ही ती सोडत असू. गुढी उभारायची, कडुनिंब चावायचा आणि पुडी गटारात टाकायची. दिवसपाळीचा आठवडा कसाबसा निभावायचा. रात्रपाळी लागली की तीन वाजता निश्चय मोडायचा. असे सात-आठ पाडवे गेले. आमचे मन दुबळे, असाच निष्कर्ष आम्ही दरवेळी काढला. घड्याळाकडे बोट दाखवावे हे सुचले नाही.

पुढे संघटनेचे काम अंगावर आले आणि आमच्या हातून एक मोठी चूक झाली. एका १ मे रोजी आम्ही सभा भरवली, शंभरएक कामगारांना उभे केले आणि हात वर करून तंबाखू सोडण्याची शपथ दिली. भाषणे झाली, फोटो निघाले. सर्वांत मोठ्या आवाजात शपथ घेतली ती आमच्या जुन्या जोडीदाराने. तीन आठवड्यांत त्याला कुणीतरी पाण्याच्या टाकीमागे बार भरताना पाहिले. पोरे त्याला 'शपथवाले' म्हणून हाका मारू लागली. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. तो कचेरीत येईनासा झाला, मग सभेलाही. दोन वर्षांनी त्याच्या गालात आतून व्रण झाला. पंधरा दिवसांत तोंडातली जखम बरी झाली नाही तर डॉक्टरला दाखवावी, हे आमच्याच पत्रकात छापलेले होते. त्याने ती महिनोन्‌महिने लपवली. दवाखान्यात नेले तेव्हा जबडा काढण्यावाचून इलाज उरला नव्हता. तो गेला त्यानंतर आम्ही घरी भेटायला गेलो. त्याची बायको म्हणाली, "भाऊ, तुमच्याम्होरं तोंड उघडायची लाज वाटायची त्यास्नी."

त्या दिवसापासून आम्ही कुणाला शपथ दिलेली नाही.

मग वाचू लागलो. नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र पूर्वीही वाचले होते. आता त्यातले निराळेच दिसले. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने साप्ताहिक सुट्टीची मागणी केली. अर्जावर साडेपाच हजार सह्या होत्या. १८९० च्या एप्रिलमध्ये दहा हजारांच्या घरात कामगार सभेला जमले. दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आता पाहा, रविवारी गिरणीचा भोंगा वाजेनासा झाला, तेव्हा विश्रांतीचा संकल्प कुणाला करावा लागला नाही. दर रविवारी मन घट्ट करावे लागले असते, तर चार रविवारसुद्धा निभावले नसते.

एकवीस दिवसांत सवय लागते, असे आजकाल जो तो सांगतो. या आकड्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन शस्त्रवैद्याच्या १९६० सालच्या पुस्तकात सांगतात. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा रोग्याच्या अंगवळणी पडायला निदान एकवीस दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण. लोकांनी 'निदान' गाळले आणि आकडा ठेवला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे प्रयोग केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. जेवणाबरोबर फळ खाणे, पाणी पिणे, थोडे धावणे अशी एकेक गोष्ट प्रत्येकाने रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून घेतली होती. ती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला हिशेबाने २५४. मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही, असे आढळले. ती माणसे तंबाखू सोडत नव्हती, हे आम्ही विसरलेलो नाही. पण हे वाक्य वाचले आणि आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आमच्या जोडीदाराचाही एकच दिवस चुकला होता.

आमच्या वारकऱ्याला हे पुस्तकावाचून कळते. एकादशी ठरलेली, वारी ठरलेली आणि बरोबर दिंडी. पहाटे फिरायला जायचे आपण महिन्यापूर्वी पाडव्याला ठरवले असेल आणि आता अंथरूण सुटत नसेल, तर दूध आणायला ज्या वेळी बाहेर पडता त्याच वेळेला फिरणे जोडून घ्या, आणि कोपऱ्यावर कुणीतरी वाट पाहत उभे राहील अशी व्यवस्था करा. मनाला खोटे सांगता येते, कोपऱ्यावरच्या माणसाला ते जड जाते.

शपथेच्या जागी आम्ही काय केले, ते सांगतो. दोन-चार कारखानदारांशी बोलून रात्री तीनला दहा मिनिटे माग थांबवून चहा मिळवला. बाकीच्यांनी नाही म्हटले. त्यांच्याशी भांडण अजून चालू आहे. सोडायची ती एकट्याने नाही, जोडीने. पुडी खिशात तशीच, आत मात्र फुटाणे आणि बडीशेप. तीन वाजता हात पुढे व्हायचा तो होतोच. पगाराच्या दिवशी कचेरीत यायचे. तिथे 'सोडलीस का?' असे कुणी विचारत नाही. 'या आठवड्यात कितीदा घेतलीस?' असे विचारतात. सातदा म्हणणाऱ्यालाही चहा मिळतो. महिन्यातून एकदा एक डॉक्टर येतात, बॅटरी घेऊन सगळ्यांची तोंडे तपासतात. खाणाऱ्यांची आधी.

किती जणांची सुटली, असे आपण विचाराल. निम्म्यांचीही नाही. पण न सुटलेलेही येतात आणि तोंड उघडून दाखवतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एकाच्या गालात पांढरा चट्टा सापडला. वेळेवर उपचार झाले. तो परवा मागावर होता.

आमची स्वतःची सुटून अकरा वर्षे झाली. मधे दोनदा चुकलो, तेही कचेरीच्या वहीत लिहिलेले आहे. फुटाण्यांची पुडी आताही खिशात आहे. अध्यक्षमहाराजांची हरकत नसेल तर खाली उतरल्यावर पुढे करीन म्हणतो.