लसूणघासाला सोबत कोणाची?

ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे लसूणघास पेरायचे दिवस. दावणीला चार दुभती जनावरं असली की याच वेळी प्रश्न पडतो, रान निव्वळ घासाखाली घ्यावं की सोबत एखादं गवत लावावं?

निव्वळ घासाचं मोल मोठं आहे. त्याच्या सुक्या वजनात 18 ते 20 टक्के प्रथिनं असतात. संकरित नेपियरमध्ये साधारण त्याच्या निम्मीच. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. पहिली कापणी 50-55 दिवसांनी, पुढे दर 25 ते 30 दिवसांनी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा आर.एल. 88 हा बहुवार्षिक वाण नीट राखला, तर काही वर्षं वैरण पुरवतो.

पण हाच कोवळा घास भुकेल्या गाईनं पोटभर खाल्ला तर पोटात फेस होतो. वायू फेसात अडकतो, ढेकर येत नाही, डावी कूस टम्म फुगते. उपचाराला उशीर झाला तर जनावर हातचं जातं. म्हणून आधी कडबा, मग घास, हा क्रम कधीही मोडू नका. घासासोबत बरसीम लावूनही भागत नाही, कारण पोटफुगीचा धोका त्यातही आहेच. जोड हवी ती गवताची किंवा कडब्याची.

ही जोड गव्हाणीत हवीच. एकाच वाफ्यात मात्र ती लावू नये, असं माझं ठाम मत आहे. नेपियर उंच जातं, घासावर सावली धरतं, पाणी ओढतं. त्याच्या कापणीला दीड-दोन महिने लागतात. तोवर थांबलात तर घास फुलून जून होतो, काड्या राठ होतात, खालची पानं झडतात. आणि प्रथिनं तर पानांतच जास्त. नेपियरला युरिया दिला की ते आणखी माजतं आणि घास मागे पडतो. त्यापेक्षा शेजारशेजारचे वाफे करा, पाणी-खत ज्याचं त्याला द्या आणि दोन्हींची कुट्टी एकत्र करा.

ओटाचं तसं नाही. उगवलेला घास सुरुवातीला नाजूक असतो, हळू वाढतो आणि तेवढ्यात तणं त्याच्यावर चढतात. सोबत विरळ ओट पेरला तर तणाची जागा तो घेतो, दोन्हींची पहिली कापणी एकाच वेळी येते आणि वैरणही भरपूर मिळते. उन्हं तापू लागली की ओट संपतो, रान घासाला मोकळं होतं. फक्त बी हात राखून टाका. दाट ओटाखाली घासाची रोपं पिवळी पडतात.

जास्तीच्या घासाचा मुरघास करणार असाल, तर तिथेही तो एकटा नको. त्यात साखर कमी असते, त्यामुळे आंबवण नीट होत नाही आणि मुरघास कुजून वास मारतो. घास कापून थोडा सुकू द्या, मक्याच्या कुट्टीत मिसळा, थरावर थर दाबून हवा काढा आणि त्याच दिवशी खड्डा झाका.