कोकोचे शेत आणि कोकोचा भाव

पश्चिम आफ्रिकेच्या सरहद्दी युरोपीय सत्तांनी आखल्या; तेथील लोकजीवन मात्र उत्तर-दक्षिण वाहत आले आहे. गवताळ प्रदेशातील गुरे दक्षिणेकडे जात, अरण्यातील कोलाफळे उत्तरेकडे. हौसा आणि द्यूला या भाषा याच वाटांवर व्यापाराच्या भाषा झाल्या. वसाहतशाहीने लोहमार्ग टाकले ते बंदराकडे तोंड करून. अबिदजानचा मार्ग १९५४ मध्ये वागादुगूला पोहोचला आणि त्याच मार्गाने मजूर किनाऱ्यावरील मळ्यांत उतरले.

आज जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट व घाना पिकवतात. डिसेंबर १९२४ नव्हे, २०२४ मध्ये टनाचा भाव १२,००० डॉलरवर गेला. आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याला सरकारने बांधून दिलेला भाव होता किलोला १,८०० फ्रँक, म्हणजे जेमतेम त्याचा चौथा हिस्सा!

१९३७-३८ मध्ये गोल्ड कोस्टच्या शेतकऱ्यांनी युरोपीय कंपन्यांच्या संगनमताविरुद्ध कोको विकणेच बंद केले होते. पुढे खरेदी सरकारी मंडळांकडे आली, स्वातंत्र्यही आले. परंतु भाव ठरविणाऱ्यांत शेतकरी आला नाही. खरेदीदार बदलणे म्हणजे शोषण संपणे नव्हे, हाच कोकोच्या शेताचा धडा आहे.