मालकाची पारख
(शिरपूर जैन येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



आपली मुले-मुली आता पदव्या घेऊन वाशिमला, अकोल्याला, पुण्याला मुलाखतीस जाऊ लागली आहेत. आदल्या रात्री कपड्यांना इस्त्री होते, प्रमाणपत्रांची चळत लावली जाते; परंतु ज्याच्या दारी आपण जाणार तो मालक कसा आहे, याची चौकशी फार थोडे करतात. आपण मागणारे, आपण काय विचारावे, अशी भावना त्याच्या मुळाशी असते. ही भावना गुलामगिरीची शिल्लक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वतनाच्या चाकरीत मालक जन्माबरोबर ठरत असे. ते जोखड मोडावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आणले. आजची नोकरी हा करार आहे. करारात पक्ष दोन असतात आणि पारखण्याचा अधिकार दोघांनाही असतो. परीक्षेवाचून काही मानू नका, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. धम्म पारखून घेणाऱ्यांनी नोकरी ऐकीव गोष्टींवर घ्यावी, हे शोभत नाही.

तेव्हा प्रथम पाहा, मालक सरकार आहे की खाजगी. घटनेचे सोळावे कलम धर्म व जात यांवरून भेद करण्यास मनाई करते, ती राज्यसंस्थेच्या नोकरीत. खाजगी कंपनीविरुद्ध त्या कलमाचा आधार मिळत नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. महाराष्ट्राने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राने ती दुरुस्ती १९९० साली केली. आज राज्याच्या सेवेत अनुसूचित जातींसाठी १३ टक्के जागा राखीव आहेत. केंद्राच्या नोकरीसाठी जातीच्या दाखल्याचा नमुना निराळा असतो, तो आधीच काढून ठेवा.

सरकारी कार्यालयात किंवा अनुदानित शाळेत पद मंजूर आहे काय, बिंदुनामावलीत ते कोणासाठी आहे, हे माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने विचारता येते. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. आणखी एक ध्यानात ठेवा : केंद्राच्या गट क व अराजपत्रित गट ब पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून सामान्यतः बंद झाल्या आहेत. अशा पदाची मुलाखत जमवून देतो म्हणून पैसे मागणारा मनुष्य ठक समजावा.

खाजगी कंपनी असेल तर ती नोंदलेली व चालू आहे काय, हे कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहा. भविष्य निर्वाह निधीकडे तिची नोंद आहे काय, हेही तपासा. नेमणूकपत्र कंपनी देणार की ठेकेदार, हे स्पष्ट विचारा. भगिनींनी अंतर्गत तक्रार समितीची चौकशी करावी. दहा वा अधिक कामगार असतील तेथे २०१३ च्या कायद्याने ती बंधनकारक आहे.

एवढे करूनही एक गोष्ट उरते, आणि ती कागदावर सापडत नाही. सयाजीराव गायकवाडांसारखा उदार मालक विरळा. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेत शिकावयास गेले. परंतु १९१७ साली ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा कचेरीतील शिपाई कागद दुरून टाकीत. राहावयास घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तेथूनही अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मालक चांगला होता; कचेरी आणि शहर तसे नव्हते. म्हणून तेथे आज काम करणाऱ्या आपल्या माणसाला शोधा. बढती कोणाला मिळते, पाणी कोठे पितात, खोली भाड्याने मिळते काय, हे त्याला विचारा.

उत्तर वाईट आले तरी गरजेपोटी ती नोकरी धरावी लागेल. त्यात कमीपणा नाही. मात्र कोठे जात आहोत आणि आपला हक्क कोणता, हे जाणून जाणाऱ्याची मान मुलाखतीच्या खोलीत खाली जात नाही.

जयभीम!