ब्रिजटाऊनमधले तीन तास

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं आवरतं घेऊन)



आपल्या कट्ट्याचा एक अलिखित नियम आहे. कुणी परदेशी जाऊन आलं की त्यानं पुढच्या महिन्यात उभं राहून बोलायचं आणि चहा-बटाटेवड्याचा खर्च करायचा. वड्यांची ऑर्डर मी दिलेली आहे, त्यामुळे भाषण ऐकून घ्यावंच लागेल.

यंदा जानेवारीत मुलानं आम्हा दोघांना कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझवर नेलं. तो न्यू जर्सीला असतो. तिथून विमानानं प्वेर्तो रिकोमधल्या सान हुआन शहरात गेलो आणि तिथे बोटीत बसलो. बोट कसली, आपल्यासारख्या दहा सोसायट्या एकावर एक रचून पाण्यात सोडल्यासारखं प्रकरण! मजल्यांमागून मजले, लिफ्टपुढे रांग, जेवणाच्या वेळी तीच ओळखीची गर्दी. फरक एवढाच, की पार्किंगवरून भांडणं नाहीत आणि पाणी चोवीस तास.

बोट रात्री चालते आणि सकाळी एखाद्या बेटाला लागते. दिवसभर उतरून फिरायचं, संध्याकाळी परत. त्यातलं एक बेट बार्बाडोस. राजधानी ब्रिजटाऊन. मी आज फक्त त्या एका शहराबद्दल आणि तिथे केलेल्या तीन तासांच्या सिटी टूरबद्दल बोलणार आहे. बाकीच्या बेटांचे फोटो सौ.कडे आहेत. ते बघायला दुपारी चारनंतर यावं.

आधी थोडं उपयोगाचं, कारण कुणी जायचं ठरवलं तर कामाला येईल. बंदरात उतरलं की दोन प्रकारच्या टूर मिळतात. एक बोटीच्या कंपनीची, दुसरी बाहेर उभ्या असलेल्या स्थानिक टॅक्सी आणि मिनीबसवाल्यांची. बाहेरची बरीच स्वस्त पडते. पण कंपनीच्या टूरची बस अडकली तर बोट थांबते. आपण आपलं फिरायला गेलो आणि उशीर झाला तर बोट निघून जाते. मी आयुष्यभर कर्ज देताना तारण बघत आलो, म्हणून जादा पैसे भरून कंपनीची टूर घेतली. बोटीचं कार्ड गळ्यात ठेवायचं, औषधं खिशात ठेवायची आणि घड्याळ बोटीच्या वेळेप्रमाणे लावायचं. आणखी एक गंमत. बार्बाडोसमध्ये मिलिटरीच्या छापाचे कपडे सामान्य माणसानं घालायला कायद्यानं बंदी आहे. लहान मुलांनासुद्धा सूट नाही. आमचे चिरंजीव नेमकी तशीच हाफ पँट घालून निघाले होते. बोटीच्या दारातूनच परत गेले आणि बदलून आले. सौ. म्हणाली, "बरं झालं, नाहीतरी मला ती आवडत नव्हती."

बसमध्ये आम्ही वीस-बावीस जण. गाईड पन्नाशीच्या एक बाई, हसतमुख, आवाज खणखणीत. ड्रायव्हर उजव्या हाताला बसलेला आणि बस रस्त्याच्या डाव्या बाजूनं चाललेली बघून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. त्यांच्यावरही राज्य इंग्रजांचंच होतं. १९६६ साली ते स्वतंत्र झाले, पण ब्रिटनची राणी त्यांची राणी राहिली. ३० नोव्हेंबर २०२१ ला त्यांनी तेही संपवलं आणि देश प्रजासत्ताक झाला.

पहिला थांबा गावाच्या मध्यावर. केरिनेज नावाची समुद्राची एक चिंचोळी खाडी शहरात शिरते, तिच्यात होड्या लागलेल्या असतात. पुलापलीकडे पार्लमेंटची दगडी इमारत आणि तिचा घड्याळाचा मनोरा. समोर नॅशनल हीरोज स्क्वेअर. पूर्वी त्याचं नाव ट्रॅफल्गार स्क्वेअर होतं आणि तिथे ॲडमिरल नेल्सनचा पुतळा होता. १८१३ साली बसवलेला, म्हणजे लंडनच्या नेल्सन स्तंभाच्याही आधीचा. २०२० च्या नोव्हेंबरात सरकारनंच तो हलवला. गाईडबाई म्हणाल्या, "दोनशे वर्षं तो आमच्याकडे बघत होता. आम्ही म्हटलं, आता पुरे." आमच्या बसमधले इंग्रज पाहुणेही हसले.

तिथून पुढे एका मोठ्या चौकात त्यांनी दुसरा पुतळा दाखवला. उघड्या अंगाचा माणूस, दोन्ही हात वर, मनगटांना तुटलेल्या साखळ्या. लोक त्याला बसा म्हणतात. १८१६ साली गुलामांनी जो उठाव केला, त्याचा हा पुढारी. या बेटावर ऊस, साखर आणि रम यांचं राज्य होतं आणि ते आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या पाठीवर उभं होतं. १८३४ साली गुलामगिरी कायद्यानं संपली, पण उमेदवारीच्या नावाखाली त्याच मालकांकडे त्यांना आणखी चार वर्षं राबावं लागलं. खरी सुटका १८३८ ला. बस चौकाला वळसा घालून निघाली, उतरायला वेळ नव्हता. तीन तासांची टूर म्हणजे असंच असतं. इतिहास डाव्या खिडकीतून दिसतो आणि उजवीकडे बसलेल्यांना माना वाकड्या कराव्या लागतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. केरिनेजपाशी सौ.नं पाण्याच्या बाटल्या घेतल्या. तिथे अमेरिकन डॉलर चालतात, पण सुटे त्यांच्या चलनात देतात. हिशेब सोपा आहे, एका अमेरिकन डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर. १९७५ पासून हा दर बांधलेला आहे. नोट हातात आली की बँकेतला माणूस ती उलटीपालटी करून बघणारच. पाच डॉलरची नोट होती. तिच्यावरचा चेहरा मी लगेच ओळखला. फ्रँक वॉरेल!

तरुण मंडळींसाठी सांगतो. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे तीन 'डब्ल्यू' वेस्ट इंडीजचे महान फलंदाज. तिघेही याच शहराच्या परिसरात, दीड वर्षाच्या आत जन्मलेले. वेस्ट इंडीजच्या संघाची पूर्ण मालिका कर्णधार म्हणून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणजे वॉरेल. त्याआधी कर्णधार गोराच असायचा. क्रिकेटपटूचा चेहरा नोटेवर छापणारा देश मी पहिल्यांदाच बघितला.

टूरमध्ये आमच्या नातीचा जीव एका ठिकाणी अडकला होता. रिहाना नावाची गायिका या गावातली. तिच्या बालपणीच्या घराच्या रस्त्याला आता रिहाना ड्राइव्ह म्हणतात. तिथे सगळे उतरले, रंगीत छोट्या घरापुढे फोटो झाले, पंधरा मिनिटं गेली. मी बसमध्येच बसून होतो, कारण माझा जीव पुढच्या थांब्यात अडकला होता. तो म्हणजे केन्सिंग्टन ओव्हल.

हे मैदान तुम्ही सर्वांनी बघितलेलं आहे. २९ जून २०२४ च्या रात्री आपल्या क्लब हाऊसमध्ये पडद्यावर आपण बघितलेला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना इथलाच. सूर्यकुमारनं सीमारेषेवर झेल घेतला, आपण सात धावांनी जिंकलो आणि रोहितनं खेळपट्टीवरची माती-गवत चाखलं, ते हेच. १९७१ साली दिलीप सरदेसाईंनी, संघ सहा बाद सत्तर असताना, एकनाथ सोलकरला घेऊन दीडशे धावा केल्या, त्याही इथेच. आम्हाला दहा मिनिटं मिळाली, तीही फाटकाबाहेर. सोबर्सचा पुतळा होता, त्याला नमस्कार केला. आतली स्टँड २००७ च्या विश्वचषकासाठी नव्यानं बांधलेली आहेत. म्हणजे मी जे बघायला आलो होतो, ते तिथे उरलेलंच नव्हतं.

मी काय बघायला आलो होतो? मार्च १९६२. मी शाळेत होतो. आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर, वय २८. बार्बाडोस संघाविरुद्धचा सामना. चार्ली ग्रिफिथचा चेंडू थेट डोक्याला लागला. हेल्मेट नावाची वस्तू तेव्हा क्रिकेटमध्ये नव्हतीच. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक दिवस ते बेशुद्ध होते. आमच्या वाड्यात एकच वर्तमानपत्र यायचं. वडील ते मोठ्यानं वाचायचे आणि सगळे बिऱ्हाडकरू ऐकायचे. रक्त हवं होतं. आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी दिलं. आणि दिलं ते वेस्ट इंडीजच्या कर्णधारानं. फ्रँक वॉरेलनं! ज्या संघाशी पुढच्या आठवड्यात कसोटी खेळायची, त्याच्या कप्तानासाठी. वडिलांनी ती ओळ दोनदा वाचली होती.

बस सुरू झाल्यावर मी गाईडबाईंना हे सांगितलं. वॉरेल त्यांना ठाऊक होता, रोज हातात येणारी नोट होती ती. पण रक्ताची गोष्ट त्यांनी ऐकलेली नव्हती. त्यांनी सरळ माईक माझ्या हातात दिला. "सर, तुम्हीच सांगा सगळ्यांना." मी उभा राहिलो, एका हातानं दांडी धरली आणि माझ्या बँकेच्या इंग्रजीत सांगितलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुन्हा प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळले. त्यांच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी साठ वर्षांनी, २०२२ साली मुंबईत काढली. रक्त देणारा वॉरेल मात्र पाचच वर्षांत, १९६७ साली, ४२ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेला. पण त्याच्या नावानं कोलकात्यात बंगाल क्रिकेट संघटना दर ३ फेब्रुवारीला रक्तदान शिबिर भरवते. बसमध्ये टाळ्या झाल्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी खूश होऊन जागेवर बसलो.

शेजारी नात. तेरा वर्षांची. तिनं हळूच विचारलं, "आजोबा, तुम्ही किती वेळा दिलंय ब्लड?"

मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. एकदाही नाही.

सुईची भीती. दुसरं काही कारण नाही. आमच्या बँकेत युनियनचं रक्तदान शिबिर दरवर्षी व्हायचं. मी दरवर्षी कॉफी आणि बिस्किटांची व्यवस्था अंगावर घ्यायचो, म्हणजे टेबलावर झोपायची वेळ यायची नाही. प्रमाणपत्रांवर सही माझी असायची. एकदा तर 'रक्तदान श्रेष्ठदान' या विषयावर भाषणही केलं होतं. नातीला काय सांगणार? मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बंदर येईपर्यंत बाहेर काय काय दिसलं, ते मला आठवत नाही. गाईडबाईंनी दाखवलं असणार बरंच.

त्यात माझ्यावर आधीचं देणं आहे, आणि ते या सोसायटीचं आहे. जुन्या सभासदांना आठवत असेल, २०११ साली सौ.चं मोठं ऑपरेशन झालं. रात्री दहाला हॉस्पिटलमधून फोन आला, चार बाटल्यांची सोय करा. मी खाली गेटपाशी नुसता उभा होतो, काय करावं सुचत नव्हतं. अर्ध्या तासात दोन स्कूटरवरून चार जण निघाले. दोघे बी विंगचे, एक ए विंगचा आणि चौथा आपला तेव्हाचा रात्रपाळीचा वॉचमन. त्या जागी सेक्रेटरी स्वतः खुर्ची टाकून गेटवर बसले. त्या चौघांचे मी आभार मानले, दिवाळीला मिठाई दिली आणि हिशेब मिटला असं समजलो. चौदा वर्षं मी त्याच लिफ्टनं वर-खाली करतोय. हिशेब मिटलेला नाही, हे मला ब्रिजटाऊनच्या बसमध्ये कळलं.

आता द्यायचं म्हटलं तरी घेत नाहीत. आपल्याकडे रक्तदात्याचं वय १८ ते ६५. मी पंचाहत्तरीला आलो. हे असं कर्ज आहे, की फेडायची मुदत निघून गेल्यावर कर्जदाराला जाग आली. बँकेत अशा खात्याला काय म्हणतात ते इथल्या निवृत्तांना माहीत आहे.

मला पुष्कळ जण विचारतात, तीन तासांत शहर काय कळणार? खरं आहे. ब्रिजटाऊनमधली माणसं कशी राहतात, काय खातात, भाडं किती देतात, मला काही कळलं नाही. बसच्या काचेतून दिसलं तेवढं बघितलं. पण आपण घरून एखादी गोष्ट मनात घेऊन निघालो असलो, तर दहा मिनिटांचा थांबाही पुरतो. मी तेरा वर्षांचा असल्यापासूनची एक बातमी घेऊन गेलो होतो आणि तेरा वर्षांच्या नातीचा प्रश्न घेऊन परत आलो.

म्हणून कमिटीला एक विनंती. रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमांत ऑर्केस्ट्रा आहे, स्नेहभोजन आहे, होम मिनिस्टर स्पर्धा आहे. त्यात एक रक्तदान शिबिर ठेवा. वजन ४५ किलोच्या वर असावं, तब्येत ठणठणीत असावी, आणि एका वेळी साधारण ३५० मिलिलिटर घेतात, एवढंच. आपल्या चार विंगांमध्ये १८ ते ६५ मधले किती जण आहेत, ती यादी करायचं काम माझ्याकडे द्या. याद्या करायची सवय आहे. कॉफी आणि बिस्किटंही माझ्याकडेच. या वेळी मी टेबलाच्या आड लपणार नाही. जो कुणी सुईला घाबरून घुटमळेल, त्याच्याशेजारी मी खुर्ची घेऊन बसेन आणि त्याला माझीच गोष्ट सांगेन.

ती पाच डॉलरची नोट मी खर्च केली नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, इथे तिचा काही उपयोग नाही." ती माझ्या देवघराच्या खणात आहे. नातीनं फोनवर सांगितलंय, अठरा पूर्ण झाले की पहिल्या सुट्टीत इकडे येऊन ती रक्त देणार. अजून पाच वर्षं आहेत. तोपर्यंत टिकायचं असं मी ठरवलं आहे.

वडे गरम आहेत, तेव्हा इथेच थांबतो.