धुक्यातला धक्का
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



१९४० च्या जून महिन्यात फ्रान्सने जर्मनीपुढे शरणागती पत्करली. अवघ्या सहा आठवड्यांत एक बलाढ्य देश कोसळला. एवढा मोठा पराभव झाला की खापर कुणाच्या तरी माथ्यावर फुटायलाच हवं. ते सेनापतींवर फुटलं, पुढाऱ्यांवर फुटलं, संप करणाऱ्या कामगारांवर फुटलं. आणि एका सिनेमावरही फुटलं! मार्शल पेताँच्या व्हिशी सरकारच्या बाजूने असं म्हटलं गेलं, की आपण युद्ध हरलो ते 'के दे ब्र्यूम'सारख्या चित्रपटांमुळे. त्यावर दिग्दर्शक मार्सेल कार्ने याने दिलेलं उत्तर अजून सांगितलं जातं. वादळ आलं म्हणून कुणी हवेचा दाब सांगणाऱ्या यंत्राला दोष देत नाही, अशा अर्थाचं ते उत्तर होतं.

हा चित्रपट १९३८ चा. नावाचा अर्थ धुक्यातला धक्का. बंदरावर असतो तो धक्का. सैन्यातून पळालेला एक शिपाई रात्री मालमोटारीतून ल हाव्र या बंदराच्या गावी येतो. वाटेत एक कुत्रं चाकाखाली येणार असतं. हा शिपाई स्टिअरिंग ओढून त्याला वाचवतो, आणि ते कुत्रं त्याच्या मागे लागतं. धक्क्यालगतच्या एका खोपटात त्याला एक मुलगी भेटते. एक चित्रकार भेटतो. पोहणारा माणूस दिसला की या चित्रकाराला तो बुडालेलाच दिसतो. शेवटी तो स्वतःच समुद्रात जातो, आणि आपले कपडे नि पासपोर्ट शिपायासाठी ठेवून जातो. व्हेनेझुएलाला जाणारी बोट तयार असते. शिपाई बोटीवर चढतोही. पण त्या मुलीला एकदा भेटून यावं म्हणून तो माघारी फिरतो आणि रस्त्यात गोळी लागून मरतो. बोट त्याच्याशिवाय निघते. कुत्रं दोरी तोडून पळत सुटतं.

शिपायाच्या भूमिकेत होता जाँ गाबँ आणि मुलगी होती जेमतेम अठरा वर्षांची मिशेल मॉर्गन. कार्नेने पुढे सांगितलं, की युद्धखात्याने चित्रपटाला दोन अटी घातल्या. 'पळपुटा सैनिक' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. आणि गाबँने गणवेश उतरवताना तो फेकायचा नाही, घडी घालून नीट ठेवायचा! सरकारी खात्यांना कुठल्या गोष्टीची भीती वाटते पाहा. माणूस मेला तरी चालेल, गणवेशाची इस्त्री मोडता कामा नये.

या चित्रपटाची पटकथा आणि संवाद जाक प्रेव्हेर या कवीचे. आपल्याकडे सिनेमाने कवीला बोलावलं ते बहुतेक वेळा गाणी लिहायला. कार्नेने कवीला संवाद लिहायला बसवलं. प्रेव्हेर त्याआधी कामगारांच्या संपात, गिरण्यांच्या फाटकावर नाटुकली करणाऱ्या 'ऑक्टोबर' नावाच्या मंडळींसाठी लिहायचा. त्याचा 'पारोल' हा गाजलेला कवितासंग्रह पुस्तकरूपाने आला तो युद्धानंतर, १९४६ मध्ये. म्हणजे त्याची भाषा वाचकांच्या कितीतरी आधी प्रेक्षकांपर्यंत पोहोचली, तीही चार आण्याच्या तिकिटात म्हणावी अशी. 'के दे ब्र्यूम'मध्ये गाबँ त्या मुलीला तिच्या डोळ्यांबद्दल एक वाक्य बोलतो. त्यात चंद्र नाही, हरीण नाही, उपमाच नाही. मुशायऱ्यांत डोळ्यांवरचे शेकडो शेर ऐकून तयार झालेला माझा कान ते ऐकून थबकला. सायकलच्या दुकानातला पोऱ्या बोलेल इतकं साधं वाक्य, आणि फ्रान्समध्ये ते घरोघर पाठ आहे.

पण या चित्रपटांत इतका काळोख का? नुसतं धुकं आवडतं म्हणून नव्हे. १९३६ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये डाव्या पक्षांच्या 'लोकआघाडी'ने निवडणूक जिंकली. जूनमध्ये देशभर संप झाले. आठवड्याला चाळीस तासांचं काम आणि वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी सुटी कामगारांना मिळाली. कितीतरी कुटुंबांनी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याच वर्षी ज्युलियाँ द्युव्हिव्हिएचा 'ला बेल एकिप' आला. पाच बेकार मित्रांना लॉटरी लागते आणि ते मिळून नदीकाठी एक उपाहारगृह काढतात, अशी त्याची कथा. दिग्दर्शकाने शेवट शोकान्त केला होता. निर्मात्यांना तो नको होता, म्हणून सुखाचा दुसरा शेवट चित्रित करावा लागला. एका चित्रपटाचे दोन शेवट! मला वाटतं, त्या वर्षी देशापुढेही ते दोन्ही उघडे होते. दोन वर्षांत लोकआघाडी मोडली, स्पेनचं यादवी युद्ध पेटलेलंच होतं, म्युनिकचा करार झाला. पडद्यावर मात्र दुसरा शेवट पुन्हा कुणी मागितला नाही.

आपला एक धागाही इथे जुळतो. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात द्युव्हिव्हिएच्या एका चित्रपटाला आणि ज्याँ रन्वारच्या 'ला ग्रांद इल्युजियाँ'ला पारितोषिकं मिळाली. त्याच महोत्सवात प्रभातच्या 'संत तुकाराम'चाही गौरव झाला. जर्मन कैदेतल्या फ्रेंच सैनिकांची गोष्ट सांगणाऱ्या आणि शत्रूलाही माणूस मानणाऱ्या रन्वारच्या त्या चित्रपटावर जर्मनीत बंदी आली.

त्याच वर्षीच्या 'पेपे ल मोको'विषयी मात्र मला एक बोचरी गोष्ट सांगायची आहे. अल्जियर्सच्या कस्बा वस्तीत लपलेला पॅरिसचा दरोडेखोर, ही कथा. पेपे झालेला गाबँ पॅरिसच्या आठवणीने झुरतो, आपल्यालाही त्याच्यासोबत झुरायला लावतो. पण ज्या वस्तीत तो लपलाय ती तिथल्या अरबांची, आणि चित्रपटात त्यांना आवाज जवळजवळ नाहीच. ठळक दिसतो तो एकटा इन्स्पेक्टर स्लिमान. गोड बोलणारा, कावेबाज. भूमिका युरोपीय नटाने केलेली. स्लिमान म्हणजे आपला सुलेमान. हे नाव माझ्या घरच्या बोलण्यातलं, म्हणून माझं लक्ष तिथे जास्त गेलं असेल. पण गोऱ्या गुन्हेगारासाठी ज्या सिनेमाचा गळा दाटून येतो, त्याला त्या गल्लीतल्या माणसाचं नावगाव विचारावंसं वाटलं नाही, हे नोंदवायलाच हवं. चित्रपट उत्तम आहे, तरीही.

माझ्या मते या साऱ्यांत श्रेष्ठ म्हणजे कार्ने–प्रेव्हेरचाच 'ल जूर स लेव्ह', १९३९ चा. उजाडतंय, असा नावाचा अर्थ. सुरुवातीलाच एक कामगार खून करतो आणि उंच इमारतीच्या माथ्यावरच्या आपल्या खोलीत स्वतःला कोंडून घेतो. खाली पोलीस, शेजारी, गर्दी. रात्रभर तो एकामागून एक सिगारेट ओढतो आणि हे कसं घडलं ते आपल्याला तुकड्यातुकड्यांनी आठवणींतून कळत जातं. पहाटे तो स्वतःवर गोळी झाडतो. खोलीत अश्रुधुराचा ढग पसरतो आणि कामाला जाण्यासाठी लावलेलं गजराचं घड्याळ वाजू लागतं. जूनमध्ये हा चित्रपट लागला, सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झालं. जुलैत आलेला रन्वारचा 'ला रेग्ल द्यु ज्यू' तर पॅरिसच्या प्रेक्षकांनी हुर्यो करून पाडला, आणि युद्ध सुरू होताच मनोधैर्य खच्ची करणारा म्हणून त्यावर बंदी आली. आज तो जगातल्या थोर चित्रपटांत गणला जातो. ज्याँ व्हिगोवर वेगळं भाषणच द्यावं लागेल, तेव्हा त्याला आज हात लावत नाही.

आता त्या आरोपाकडे येऊ. पडद्यावर पळपुटा सैनिक झालेला गाबँ युद्धात काय करत होता? फ्रान्स पडल्यावर तो अमेरिकेला गेला, हॉलिवूडमध्ये त्याला काम होतं. ते सोडून तो द गॉलच्या स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात भरती झाला आणि रणगाडा दलात लढला. आणि या चित्रपटांच्या धुक्यातल्या गल्ल्या, ती उंच इमारत उभी करणारा कलादिग्दर्शक अलेक्झांद्र त्रोनेर? तो हंगेरीहून आलेला ज्यू. संगीतकार जोझेफ कोस्मा, तोही तसाच. ताबा घेतलेल्या देशात या दोघांना काम करायला मनाई होती. ते दक्षिणेत लपून राहिले आणि कार्ने–प्रेव्हेरच्या 'ले आंफाँ द्यु पारादी'साठी दुसऱ्यांच्या आडून काम करत राहिले. १९४५ च्या मार्चमध्ये, पॅरिस मुक्त झाल्यावर, तो चित्रपट लागला. श्रेयनामावलीत त्या दोघांची नावं होती, आणि सोबत लिहिलं होतं, भूमिगत राहून केलेलं सहकार्य.