पुन्हा पहिलीत बसायची तयारी
(जुईनगर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



हार्बर आणि ठाण्याकडचा अशा दोन्ही मार्गांच्या गाड्या आपल्या जुईनगरला थांबतात. त्या गाड्यांत हल्ली जर्मनचे किंवा जपानीचे पुस्तक उघडून बसलेली तरुण मुले दिसतात. वर्गात नाव घालणारे पुष्कळ, पण नव्याचे नऊ दिवस सरले की बाके रिकामी होऊ लागतात. असे का होते, याचा विचार मी पालीचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांच्या आधाराने करणार आहे.

कोसंबींचा जन्म 1876 साली गोव्यातल्या सांखवाळचा. शाळा जेमतेम, घरी नारळाची बागायत. ‘बालबोध’ मासिकात त्यांनी बुद्धचरित्र वाचले आणि बुद्धाला मुळातून जाणून घ्यायचा ध्यास घेतला. 1899 मध्ये घर सोडले, तेव्हा ते विवाहित होते, वडील झाले होते. पुण्याहून काशीला जाऊन, अन्नछत्रात जेवून, संस्कृत शिकले. पण बुद्धवचने पालीत, आणि पाली शिकायची सोय सिंहलद्वीपात! 1902 मध्ये कोलंबोला विद्योदय विद्यालयात दाखल झाले. तिथली पाली पुस्तके सिंहली लिपीत, म्हणजे पंचविशी ओलांडल्यावर पुन्हा मुळाक्षरे. पुढे ब्रह्मदेशात गेले, तर तिथे तीच पाली बर्मी लिपीत. पुन्हा मुळाक्षरे. 1910 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले, तेव्हा काम रोमन लिपीत आणि सहकारी इंग्रजी बोलणारे. पुढे ते रशियनही शिकले आणि 1929 मध्ये लेनिनग्राडला गेले.

संस्कृत पचवलेल्या माणसाने दरवेळी बिगरीपासून सुरुवात करायची, हे सोपे नाही. आपण चिकाटी म्हणजे दात-ओठ खाऊन पाठांतर समजतो. मला ती वेगळी दिसते. नोकरीत, घरात आपला शब्द चालत असताना वर्गात चुकत बोलायचे आणि उद्या परत जायचे, ही चिकाटी.

जर्मनचेच पाहा. तिथे सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी! मराठीतही तीन लिंगे आहेत, म्हणून आपण निर्धास्त असतो आणि तिथेच घसरतो. आज पाठ केलेले लिंग उद्या बोलताना चुकते, शिक्षक दुरुस्त करतात, परवा ये रे माझ्या मागल्या. हुशार माणसाला हे अपमानास्पद वाटते, आणि बहुधा हुशारच आधी गळतात.

कोसंबी गळले नाहीत, कारण त्यांना भाषा मिरवायची नव्हती, बुद्ध वाचायचा होता. हार्वर्डला हेन्री क्लार्क वॉरन यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली बौद्ध ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते. 1899 मध्ये ते वारले आणि काम अपुरे राहिले. ते पुरे करायला कोसंबी चारदा अमेरिकेला गेले. त्यांची देवनागरी आवृत्ती 1940 मध्ये निघाली, हार्वर्डची मात्र 1950 मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. अमेरिकेच्या या फेऱ्यांच्या मधल्या काळात, 1912 ते 1918, फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली आणि महाराष्ट्रात पालीच्या अभ्यासकांची पिढी उभी राहिली.

नोकरीसाठी भाषा शिकण्यात गैर काही नाही. पण परीक्षा झाली की तो धागा सुटतो. म्हणून फी भरण्याआधी स्वतःला विचारा : ही भाषा आली की मी काय वाचणार, कुणाशी बोलणार? उत्तर आधी ठरवा. ते पक्के असले की चुकांची लाज वाटेनाशी होते, आणि मग पहिलीत बसायला वयही आड येत नाही.